हवेतला ऑक्सिजन कुठून आला, आणि मुंबईच्या हवेत नक्की काय बदललं

दादरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: पुस्तकातल्या वर्तुळात ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि १ टक्का 'इतर' असं दाखवलेलं असतं. मुलं तीन गोष्टी विचारतात. आरेतली झाडं तोडली तेव्हा मुंबईचा ऑक्सिजन कमी झाला का? हे प्रमाण पहिल्यापासून असंच आहे का? आणि हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडते तेव्हा या वर्तुळातलं नेमकं काय बदलतं?

बाई, तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. हवेचे नमुने घेणं आणि त्यातले वायू मोजणं यात माझी बरीच वर्षं गेली. ऑक्सिजन किती शिल्लक आहे याची काळजी लोक फार करतात. खरी काळजी करावी ती त्या 'इतर' नावाच्या बारीक फोडीची, आणि त्यातला प्रत्येक वायू हवेत किती काळ टिकतो याची. मुलांना हे एवढं कळलं तर बाकीचं त्यांचं त्यांना उलगडत जाईल.

आधी ऑक्सिजन. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के आणि आरगॉन ०.९३ टक्के असतो. या तिघांनंतर उरतं ते जेमतेम ०.०४ टक्के. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन हे सगळे त्यातच आले. वातावरणातला एकूण ऑक्सिजन सुमारे १२ लाख अब्ज टन आहे. जगभर कोळसा, तेल आणि गॅस जाळल्यामुळे तो घटतो हे खरं आहे. शास्त्रज्ञ राल्फ कीलिंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही घट अतिशय काटेकोरपणे मोजली आहे. हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ऑक्सिजनचे सुमारे ४ रेणू दर वर्षी कमी होतात. या वेगाने शंभर वर्षं गेली तर २०.९५ चे २०.९१ होतील.

हा फरक किती लहान आहे ते बघा. जुलैतल्या दमट दिवशी मुंबईच्या हवेत पाण्याची वाफच ३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि तेवढ्यानेच ऑक्सिजनचा वाटा २०.३ टक्क्यांवर येतो. पुस्तकं 'कोरडी हवा' असं मुद्दाम लिहितात ते यासाठी. महाबळेश्वरला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. तरी आपण तिथे हवा खायलाच जातो.

आता आरे. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथली दोन हजारांवर झाडं एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी तोडली गेली. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं, आजही वाटतं. पण मुंबईचा ऑक्सिजन त्याने कमी झाला नाही, आणि मुलांना तसं सांगू नये. झाड दिवसा ऑक्सिजन सोडतं. मग त्याचं पान गळतं, कुजतं, आणि झाडाचं स्वतःचं श्वसन, कुजवणारे जिवाणू आणि बुरशी मिळून जवळजवळ तेवढाच ऑक्सिजन परत वापरतात. जुन्या, स्थिरावलेल्या जंगलाचा वर्षभराचा हिशेब त्यामुळे शून्याच्या जवळ येतो. अ‍ॅमेझॉनला जगाचं फुप्फुस म्हणतात, तेही याच कारणाने बरोबर नाही. आरे हवं ते गारव्यासाठी, मुरणाऱ्या पाण्यासाठी, बिबट्यांसाठी, पानांवर बसून राहणाऱ्या धुळीसाठी. ही कारणं भक्कम आहेत. खोट्या कारणाचा आधार घेतला की समोरचा एका आकडेवारीत तो खोडून काढतो आणि खरी कारणंही त्याबरोबर वाहून जातात.

मग हवेत इतका ऑक्सिजन जमला कसा? झाड किंवा शैवाल मेल्यावर त्यातला कार्बन कुजलाच नाही, चिखलाखाली गाडला गेला, तरच त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन हवेत शिल्लक राहतो. दर वर्षी असा फार थोडा कार्बन गाडला जातो, पण हे अब्जावधी वर्षं चाललंय. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन ही जमिनीखाली गेलेल्या त्या कार्बनची पोचपावती आहे. कोळशाची खाण खोदून जाळणं म्हणजे ती नोंद उलट फिरवणं. जमिनीखाली बराचसा कार्बन खडकांत इतका विरळ पसरलेला आहे की तो कुणी जाळू शकत नाही. ऑक्सिजन संपणार नाही तो यामुळे.

दुसरा प्रश्न, प्रमाण पहिल्यापासून असंच आहे का? अजिबात नाही. पृथ्वीचं वय सुमारे ४.५४ अब्ज वर्षं. त्यातला जवळपास निम्मा काळ हवेत मुक्त ऑक्सिजन नव्हताच म्हटलं तरी चालेल. ज्वालामुखींतून आलेले कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि पाण्याची वाफ, जोडीला थोडा हायड्रोजन आणि मिथेन, अशी ती हवा होती. तेव्हाचा सूर्य आजच्यापेक्षा २५ ते ३० टक्के मंद होता. तरीही समुद्र गोठले नव्हते, कारण उष्णता धरून ठेवणारे वायू भरपूर होते.

ती हवा कशी असेल याची कल्पना मुलांना द्यायची असेल तर मुंबईइतकी सोयीची जागा नाही. ओहोटीच्या वेळी शिवडीच्या किंवा ठाण्याच्या खाडीकाठी तिवरांच्या कडेला उभं राहा. चिखलाचा वरचा पापुद्रा राखाडी-तपकिरी दिसतो. काठीने वीतभर खोल उकरलं की आत काळाकुट्ट चिखल लागतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा आणि वास हायड्रोजन सल्फाइडचा. वीतभर खाली ऑक्सिजन पोचतच नाही, आणि तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन करतात. त्याहून खोल मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव असतात. मधूनच चिखलातून बुडबुडे येतात ते त्यांचे. तिवरांची मुळं चिखलातून वर पेन्सिलीसारखी उभी राहतात, कारण खाली त्यांना श्वास घेता येत नाही. हे सगळे सूक्ष्मजीव पृथ्वीवरच्या फार जुन्या रहिवाशांपैकी आहेत. एके काळी समुद्र आणि हवा दोन्ही त्यांच्या सोयीची होती. ऑक्सिजन आल्यावर त्यांना चिखलात, गटारात आणि गुरांच्या पोटात आसरा घ्यावा लागला.

त्या काळ्या चिखलाचा गोळा ताटलीत घेऊन उघड्यावर ठेवा. काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत, वरचा थर तपकिरी होतो. लोहाला ऑक्सिजन मिळाला आणि ते गंजलं. पृथ्वीवर नेमकं हेच एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलं.

ते घडवलं सायनोबॅक्टेरियांनी, ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणतो. खाडीत येणारे छोटे रोहित पक्षी चोच उलटी करून चिखलातून जे गाळून खातात, त्यात याच कुळातले जीव असतात. पाणी फोडून त्यातला हायड्रोजन घ्यायचा आणि ऑक्सिजन टाकून द्यायचा, ही युक्ती त्यांना साधली. पण तो ऑक्सिजन लगेच हवेत साठला नाही. समुद्रात विरघळलेलं लोह आणि ज्वालामुखींचे वायू तो आला की गिळून टाकत. लोह गंजून तळाशी बसत गेलं आणि त्याचे लालसर-काळे पट्टे तयार झाले. (काही पट्टे ऑक्सिजन न सोडणाऱ्या, पण प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंनीही बनवले असावेत.) जगातलं बरंचसं लोहखनिज अशा पट्टेदार खडकांतून येतं. आपल्याकडे गडचिरोलीतलं सुरजागड, गोव्याच्या खाणी, छत्तीसगडमधलं बैलाडिला आणि दल्ली-राजहरा ही त्याच जातीची ठिकाणं. दल्ली-राजहराचं खनिज भिलाईच्या पोलाद कारखान्यात जातं आणि भिलाईत रेल्वेचे रूळ बनतात. ज्या रुळांवरून तुमचे विद्यार्थी लोकलने शाळेत येतात, त्यांच्यातलं लोह असं समुद्रतळावरून आलंय. हे वर्गात सांगून बघा. वातावरणाचा धडा मुलांच्या लक्षात राहतो.

सुमारे २.४ ते २.३ अब्ज वर्षांपूर्वी ही गिळणारी यंत्रणा पुरी पडेनाशी झाली आणि ऑक्सिजन हवेत टिकू लागला. याचा पुरावा मला फार आवडतो. हवेत ऑक्सिजन नाही म्हणजे ओझोनही नाही, आणि ओझोन नाही म्हणजे सूर्याची तीव्र अतिनील किरणं थेट खालपर्यंत येणार. ती गंधकाच्या वायूंवर पडली की गंधकाच्या समस्थानिकांचं (म्हणजे वजनाने थोड्या वेगळ्या गंधकाच्या अणूंचं) प्रमाण एका विशिष्ट, एरवी न आढळणाऱ्या तऱ्हेने बदलतं. ही खूण २.४ अब्ज वर्षांहून जुन्या खडकांत सापडते आणि त्यानंतरच्या खडकांत दिसेनाशी होते. म्हणजे कुणी हवेचा नमुना बाटलीत भरून ठेवलेला नसतानाही हवा कधी बदलली ते खडक सांगतो.

त्यानंतरही आजचे २१ टक्के लगेच झाले नाहीत. एक अब्जाहून जास्त वर्षं ऑक्सिजन आजच्या मानाने अगदी थोडाच राहिला. ८० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यात तो पुन्हा वाढला आणि मोठ्या शरीराचे प्राणी आले. मग जमिनीवर जंगलं आली, त्यांची लाकडं दलदलीत गाडली गेली आणि सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास गेला असावा असा अंदाज आहे. पाऊण मीटरच्या जवळपास पंखविस्तार असलेल्या, चतुरासारख्या कीटकांचे जीवाश्म त्याच काळातले. चंद्रपूरचा कोळसा त्यानंतरचा, पर्मियन काळातला. तो चंद्रपूरच्याच वीजकेंद्रात जळतो आणि महाराष्ट्राला वीज देतो.

नायट्रोजनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला फार ऊर्जा लागते, म्हणून तो हवेत साचून राहिला. आरगॉनची गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. हवेतला जवळजवळ सगळा आरगॉन खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून आलाय. या पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं विरून जायला लागणारा काळ, सुमारे १.२५ अब्ज वर्षं. म्हणजे तुमच्या वर्तुळातला तो ०.९३ टक्का खडकांनी अत्यंत संथपणे हवेत सोडलेला आहे. याच पोटॅशियम-आरगॉनच्या हिशेबाने दख्खनच्या कातळाचं वय काढतात, आणि ते सुमारे ६.६ कोटी वर्षं निघतं.

दख्खनपाशी जरा थांबायला हवं, कारण मुंबई त्याच लाव्हावर वसली आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे त्या काळच्या बेसॉल्टचे उभे खांब. आजही दख्खनचा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तो बाहेर पडताना कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड प्रचंड प्रमाणात हवेत गेले. पण तोच कातळ नंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड खेचूही लागला. पावसाच्या थेंबात हा वायू विरघळून सौम्य कार्बॉनिक आम्ल होतं. ते बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतं, नद्या ते बायकार्बोनेटच्या रूपात समुद्राला नेतात, शिंपले आणि प्रवाळ त्याचं कवच बनवतात आणि शेवटी चुनखडक होतो. गरम, पावसाळी मुलखात हे जोरात चालतं. कातळातून असं सगळं धुऊन गेल्यावर जे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं, तो आपला जांभा. माथेरानची लाल माती आणि कोकणातल्या घरांचे चिरे यांच्यामागे एवढी मोठी रासायनिक घडामोड आहे. पृथ्वी फार तापली की पाऊस आणि झीज वाढते, कार्बन डायऑक्साइड कमी होतो, तापमान खाली येतं. पृथ्वीचं तापमान अब्जावधी वर्षं जगण्याजोगं राहिलं त्यात या झिजेचा मोठा हात आहे. मात्र तिला परिणाम दाखवायला लाखो वर्षं लागतात.

आपण दिलेला वेळ आहे दोन-अडीचशे वर्षं. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले तर गेल्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १८० ते ३०० च्या मध्ये खालीवर होत राहिलेला दिसतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो २८० होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावर, मौना लोआच्या उंचीवर, मोजणी सुरू केली तेव्हा ३१५. आज ४२० च्या वर. एकूण वाढीचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग १९५८ नंतरचा, म्हणजे आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांच्या हयातीतला. हा जादा वायू जाळलेल्या इंधनातूनच आलाय हे तीन बाजूंनी कळतं: त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ नसतो, कार्बन-१३ कमी असतो, आणि वर सांगितलं तसा ऑक्सिजन त्याच जोडीने घटतो. ज्वालामुखींतून दर वर्षी येणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही नाही.

'इतकासा ०.०४ टक्के वायू काय करणार?' हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याला उत्तर म्हणून एक साधा कार्बन डायऑक्साइड मीटर शाळेने घ्यावा. फार महाग नसतो. आत एक छोटा अवरक्त दिवा, एक नळी आणि समोर संवेदक, एवढीच त्याची रचना. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४.३ मायक्रोमीटर तरंगलांबीची अवरक्त किरणं शोषतो. नळीतल्या हवेत तो जितका जास्त, तितका कमी प्रकाश पलीकडे पोचतो, आणि त्यावरून आकडा येतो. मुलांना आधी खिडकीबाहेरचा आकडा वाचू द्या, सव्वाचारशे-साडेचारशेच्या घरात येईल, रहदारी जवळ असेल तर थोडा जास्त. मग खिडक्या लावून तास घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात आकडा बघता बघता हजार ओलांडतो आणि दोन हजारांपर्यंतही जातो. त्याच वेळी ऑक्सिजन फक्त २०.९ वरून २०.७ च्या आसपास उतरलेला असतो. म्हणजे कोंदटलेल्या वर्गात डोकं जड होतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. आणि मीटरच्या नळीत एवढ्याशा वायूने प्रकाश अडतो, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. हाच रेणू १५ मायक्रोमीटरच्या आसपासही शोषण करतो, आणि पृथ्वी जी उष्णता अवकाशात परत फेकते तिचा मोठा भाग त्याच पट्ट्यात असतो. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन मिळून ९९.९ टक्के भरतात, पण ही किरणं ते जवळजवळ शोषतच नाहीत. उष्णता अडवण्याचं सगळं काम त्या उरलेल्या चिमूटभराकडे आणि पाण्याच्या वाफेकडे येतं.

पश्चिम किनाऱ्यावर राहण्याचा एक फायदा म्हणजे वाऱ्याची अदलाबदल. दक्षिण गोव्यात काबो द रामा इथे १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले. पावसाळ्यात तिथली हवा अरबी समुद्रावरून, थेट दक्षिण गोलार्धातून आलेली असते आणि हिवाळ्यात जमिनीवरून. एकाच कड्यावर उभं राहून दोन गोलार्धांची हवा मोजता येते.

आता टिकण्याचा प्रश्न, म्हणजे मी सुरुवातीला म्हणालो तो. जादा कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षं हवेत राहतो. नायट्रस ऑक्साइड शंभराहून जास्त वर्षं. मिथेन नऊ-दहा वर्षं. सल्फर डायऑक्साइड काही दिवस. हा फरक पडतो तो हायड्रॉक्सिल नावाच्या एका अतिशय अल्पायुषी रेणूमुळे. अतिनील किरणांनी ओझोन फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेवर आदळतो आणि हायड्रॉक्सिल तयार होतो. त्याचं आयुष्य साधारण एक सेकंद. घन सेंटीमीटरभर हवेत तो सरासरी दहा लाखांच्या घरात असतो. त्याच हवेतल्या रेणूंची संख्या २५ वर अठरा शून्यं, त्यामुळे हे दहा लाख म्हणजे काहीच नाहीत. तरीही मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांना ऑक्सिजनची पहिली जोड तोच देतो आणि धुऊन जाण्याजोगं करतो. ऊन आणि वाफ दोन्ही भरपूर असलेल्या उष्ण कटिबंधात तो सर्वांत जास्त तयार होतो. मे महिन्यात आपल्याला घाम काढणारी ती दमट, तळपती हवा जगभराच्या मिथेनची विल्हेवाट लावत असते. कार्बन डायऑक्साइडवर मात्र हायड्रॉक्सिलचं काही चालत नाही. तो आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत आहे, त्याला जोडायला काही उरलेलंच नाही. म्हणून तो साचतो.

ओझोनच्या थराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात चांगली बातमी आहे. वरच्या वातावरणातला सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. फ्रीज आणि एसीमधला सीएफसी वायू खाली कशाशीच अभिक्रिया करत नाही, म्हणून वरपर्यंत टिकतो आणि तिथे फुटून क्लोरीन सोडतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. फ्रीज दुरुस्त करायला आलेला माणूस जुना गॅस सरळ हवेत सोडून द्यायचा, ते दिवस अनेकांना आठवत असतील. भारतात सीएफसी २०१० पासून बंद आहेत, एसीतल्या आर-२२ या वायूचा वापरही टप्प्याटप्प्याने संपतोय. अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जगाने मनावर घेतलं तर हवेचं रसायन पूर्ववत करता येतं, याचा हा पुरावा आहे.

तिसरा प्रश्न मुंबईचा. गिरणगावाच्या काळात कोळशाचा धूर इतका होता की १९१२ मध्ये मुंबईसाठी धुरावर कायदा करावा लागला. गिरण्या थंडावल्या, पुढे टॅक्सी आणि बस सीएनजीवर आल्या, २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि एप्रिल २०२० पासून डिझेलमधला गंधक दर दहा लाख भागांत ५० वरून १० वर आला. सल्फर डायऑक्साइड आणि शिसं यांच्याबाबत मुंबई निश्चितपणे सुधारली आहे, आणि हे श्रेय द्यायला हवं. माहुल-चेंबूर-तुर्भे पट्ट्यातल्या लोकांना ही सुधारणा पुरेशी वाटत नाही, आणि तेही बरोबर आहे. तेलशुद्धीकरण, रसायनं आणि वीजनिर्मिती इतक्या दाट वस्तीला चिकटून असली की शहराची सरासरी त्यांच्या कामाची नसते.

मग हिवाळ्यात बिघडतं काय? एक म्हणजे हवा ढवळली जात नाही. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर उबदार थर बसतो. शहराचा सगळा धूर काहीशे मीटरांच्या आत कोंडला जातो. दिवसा समुद्राचा वारा उशिरा आणि मंद येतो, रात्री जमिनीवरचा वारा शहराचा धूर समुद्राकडे नेतो आणि सकाळी त्यातला काही परत येतो. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पीएम २.५ मधले, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांमधले, सगळे कण धूर किंवा धूळ म्हणून बाहेर पडलेले नसतात. बरेचसे हवेतच तयार होतात. गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रिक आम्ल होतं, गटारं, कचरा आणि गोठ्यांतून अमोनिया येतो, आणि थंड, दमट पहाटे दोघांचं अमोनियम नायट्रेट होऊन घन कण बनतो. ऊन चढलं की त्यातला काही पुन्हा वायू होतो. म्हणून देवनारच्या कचराभूमीवरचा कचरा धुमसत नसला, नुसता कुजत असला, तरी तो धुरक्यात भर घालतो. हवेतले कण अडकवणारे जे गाळण कागद माझ्या हातून गेले, त्यांच्यावर हे ऋतू सरळ वाचता येतात: जानेवारीतला कागद राखाडी-काळा, मेमधला फिकट तपकिरी, धुळीचा आणि समुद्राच्या मिठाचा. काळेपणा कार्बनचा असतो. नायट्रेट आणि सल्फेट पांढरे असल्यामुळे डोळ्यांना दिसतच नाहीत, तराजूवर आणि प्रयोगशाळेत कळतात.

जमिनीलगतचा ओझोन आणखी फसवा. तो कुठल्याच धुराड्यातून निघत नाही, ऊन, नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल-सॉल्व्हंटच्या वाफा यांतून बनतो. सायनच्या सर्कलसारख्या गजबजलेल्या चौकात तो कमी भरतो, कारण गाड्यांतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वाऱ्याच्या दिशेने पुढे, जरा मोकळ्या भागात तो पुन्हा वाढतो. नायट्रोजन ऑक्साइड मोजण्याच्या आमच्या यंत्रात हीच अभिक्रिया मुद्दाम घडवतात: नमुन्यातल्या नायट्रिक ऑक्साइडवर ओझोन सोडला की अगदी मंद प्रकाश निघतो, आणि तो मोजून आकडा येतो. चौकातला ओझोन कमी दिसला म्हणून तिथली हवा चांगली, असा निष्कर्ष काढू नये.

एक खास मुंबईची तक्रारही इथेच सांगतो, कारण ती त्या काळ्या चिखलाशी जोडलेली आहे. खाडी किंवा मोठ्या नाल्याजवळच्या घरांत एसीच्या तांब्याच्या कॉइलला वर्षा-दोन वर्षांत छिद्रं पडतात आणि गॅस गळतो. मेकॅनिक म्हणतात, 'नाल्याच्या वासाने होतं.' ते अगदी बरोबर आहे. सांडपाण्याने नाल्यातला ऑक्सिजन संपतो, सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात, हायड्रोजन सल्फाइड वर येतो आणि तांब्याचं काळं सल्फाइड होतं. घरातली चांदी भराभर काळवंडत असेल तरी कारण तेच. मलनिस्सारण सुधारलं तर कॉइलही टिकतील.

आता तुमच्या वर्तुळाचा हिशेब. पीएम २.५ ची आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम हा वजनाने दोन कोटींत एक भाग झाला. हवा मर्यादेच्या तिप्पट बिघडली तरी वर्तुळावर पेन्सिलीची रेघही हलणार नाही. म्हणून मुलांना फळ्यावर दुसरं वर्तुळ काढून द्या, फक्त त्या 'इतर' फोडीचं, मोठं केलेलं. आणि मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघताना नुसता आकडा बघून थांबू नका, त्याखाली मुख्य प्रदूषक कुठला लिहिलाय तेही वाचायला लावा. आपला निर्देशांक आठ प्रदूषकांवरून निघतो: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. त्यांतला जो सर्वांत वाईट, त्याचाच आकडा शहराचा म्हणून दाखवतात. ऑक्सिजन त्या यादीत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडही नाही. त्यामुळे पावसाळ्यात मुंबईचा निर्देशांक 'उत्तम' दाखवतो तेव्हाही कार्बन डायऑक्साइड ४२० च्या वरच असतो. तो पावसाने धुऊन जात नाही.